सुलामावशीच्या गाड्याची चाकं

सुलामावशीच्या गाड्याला ब्रेक नव्हता, चाकाखाली दगड होता. अतिक्रमणवाल्यांची गाडी वळणावर दिसली की तिचा नवरा, आमचे सहादूकाका, तो दगड लाथेनं उडवायचे आणि शेवभाजीच्या पातेल्यासकट गाडा शेडमागं पळवायचे. आम्ही कामगार हातात ताटं धरून मागं धावायचो. एकलहऱ्याकडं वळणाऱ्या फाट्यावरच्या आमच्या औद्योगिक वसाहतीत जेवण म्हणजे हे असं, पळता पळता.

मी तिथल्याच एका कारखान्यात फिटर. मावशी मूळची निफाडकडची. काकांचं ठेकेदाराकडचं काम सुटलं तेव्हा तिनं गाडा टाकला. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली बाजरीच्या भाकरी, शेवभाजी आणि ठेचा. ताटात टाकलेलं तिला खपत नसे. "घरी बी असंच टाकतो का रं?" असं चारचौघांत विचारून ती माणसाला पाणी पाणी करायची.

मग वसाहत वाढवायचं ठरलं. नव्या आराखड्याचा नकाशा कार्यालयाच्या भिंतीवर लागला. कारखान्यांचे भूखंड, रुंद रस्ते, अग्निशमन केंद्र, झाडांचा पट्टा, सगळं छान रंगवलेलं. मावशीच्या फाट्यावर मात्र ट्रक उभे करायची जागा. हजारो माणसांना काम मिळणार, असं कोपऱ्यात मोठ्या दिमाखात लिहिलं होतं. त्यांनी जेवायचं कुठं, याचा पत्ताच नाही. माझं डोकंच फिरलं. नकाशा काढणाऱ्यांना घरून डबा येत असणार, दुसरं काय! मी मावशीच्या नावानं हरकत लिहून दिली.

"आता पळायला बी जागा राह्यली नाय रं गोरक्षा," एवढंच ती म्हणाली. तिचा आवाज असा पडलेला मी कधी ऐकला नव्हता, आणि मला फार वाईट वाटलं.

सुनावणी ठेवली नेमकी जेवणाच्या सुट्टीत. मी म्हटलं, "मावशी, आज गाडा बंद ठेव."

"आन् पोरांनी काय खायचं? भाकरी थापून झाल्या माझ्या!"

ऐकेल ती मावशी कसली! गाडा ढकलत ती थेट कार्यालयाच्या आवारात गेली, काकांना चाकाखाली दगड लावून वाढायला बसवलं, पदर सारखा केला आणि आत सभागृहात जाऊन बसली. तिच्याशेजारी मी.

भोंगा झाला. फाट्यावर गाडा दिसेना, तशी माणसं शोधत निघाली. आत नगररचनाकार तृप्तीमॅडम हरकती ऐकत होत्या. बाहेरचा गलका वाढला तशा त्या उठून खिडकीशी गेल्या. रांग फाटकातून निघून पार रस्त्याच्या वळणापर्यंत पोचली होती. लेथवाले, वेल्डर, पॅकिंगच्या बायका. आमचे मालक महेशशेठ कामगारांना हुडकत आले होते, तेही वास घेत रांगेत उभे.

"मोर्चा आणलात का?" मॅडमचा आवाज चढला.

मावशी उभी राहिली. "मोर्चा नाय मॅडम. मी कुणाला बोलावलं नाय. भूक लागली म्हणून आलेत. यांची जेवायची जागा नकाशात दाखवा, मी आत्ता गाडा हलवते."

मॅडमनी नकाशावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. दाखवायला जागाच नव्हती. शेवटी त्यांनी पेन्सिल घेतली आणि फाट्याच्या कोपऱ्यावर एक चौकोन काढला.

"ट्रक मागे सरकवता येतील," त्या म्हणाल्या.

खिडक्या उघड्या होत्या. बाहेर तोंडात घास असलेल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

अंतिम आराखड्यात तो कोपरा कामगारांच्या जेवणासाठी राखीव झाला, आणि आधीपासून तिथं असणाऱ्यांना पहिला मान मिळाला. फरशी आली, नळ आला, वर छप्पर आलं. पहिल्याच दिवशी मावशीनं मला पाना घेऊन बोलावलं.

"चाकं काढ," ती म्हणाली.

उभ्या जन्मात इतक्या आनंदानं मी नट फिरवले नव्हते. गाडा विटांवर बसवला. मावशी रडत होती आणि दोष मिरचीच्या खाटावर ढकलत होती.

जेवणं रंगात आली आणि वळणावर अतिक्रमणवाल्यांची गाडी दिसली. सवयच ती! काकांनी लाथ मारली, दगड नव्हताच. त्यांनी गाड्याला खांदा लावला. आम्हीही ताटं घेऊन उठलो. गाडा तसूभर हलला नाही.

"अहो, कुठं नेताय?" मावशी मोठ्यानं हसली. "आपलीच जागा हाय ही!"

गाडीतली माणसं उतरली, नळावर हात धुऊन आली आणि सरळ गाड्याशी पुढं घुसली.

"मागं जा," मावशी म्हणाली. "रांग हाय."

आणि ती माणसं रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.