सुपातले फोन

पोरीचे डोळे वर गेले, दातखीळ बसली, अन् माझ्या हातातल्या फोनात नुसते चौकोन! अक्षरच नाय. नाकात फवारायचं औषध हातात हाय, पण मारायचं किती? डॉक्टरांचा कागद पोरीनंच फाडलेला, म्हणून तर सगळं फोनात घातलेलं. मी तिला उचलून तशीच जिना उतरले. "विलासदादा! ओ दादा! अक्षरं गेली!"

दादा आमच्या खालच्या खोलीत राहायचे. सातपूरला लेथवर काम, अन् घरी आले की पुस्तकात बघून बघून फोनातले अ‍ॅप बनवायचे. तेव्हा स्मार्टफोन नवेच होते, अन् दर कंपनीची तऱ्हा निराळी. याच्यात चाललं ते त्याच्यात नाय, कशात मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. म्हणून सुट्टीला दादा सूप घेऊन चाळभर फिरायचे, सगळ्यांचे फोन गोळा करत. त्यांचे स्वतःचे चार जुनेपुराणे फोन तर कायम सुपातच. बाया हसायच्या, "काय दादा, आज फोन पाखडायचे का?"

"पाखडतो ना. खडे माझ्याच कामात निघतात."

कुणी 'चालतंय की' म्हटलं की त्यांना राग यायचा. "चालतं म्हणू नका वहिनी, चालवून दाखवा."

पोरीला झटके यायला लागले तेव्हा त्यांनीच औषधाचं अ‍ॅप केलं. मराठीत, मला इंग्रजी येत नाय म्हणून. माझ्या फोनात सगळं नीट दिसायचं. मग आमच्या मालकांनी नवा फोन घेतला. त्यांना ड्युटीची घाई, गाडी चालू, दादांनी अ‍ॅप त्यातही घालून दिलं अन् म्हणाले, "चालेल."

अन् त्या दिवशी मालक चुकून माझाच फोन खिशात घालून गेले. दोन्ही सारखेच काळे, अन् माझ्याकडं राहिला त्यांचा नवा.

दादांनी चौकोन बघितले अन् पांढरेफटक पडले. मी ओरडले, "तुम्हीच लिहिलं ना, सांगा की किती!"

"आठवतंय. पण आठवणीवर नाय द्यायचं, वहिनी."

सुपातला पहिला फोन उघडला, चौकोन. दुसरा चालूच होईना. तिसऱ्यात उघडलं अन् लगेच बंद पडलं. पोरीचे ओठ निळे व्हायला लागले. दादांचा अंगठा घामानं काचेवरून घसरत होता. चौथ्यात अक्षरं आली! "एकेका नाकपुडीत एक," मी मोठ्यानं वाचलं अन् मारलं. पोरगी सैल पडली, मग रडली. तशीच तिला उचलून आम्ही रिक्षा गाठली.

दवाखान्यात दादा बाकड्यावर एकच बोलत होते, "न बघता चालेल म्हणालो."

दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात औषध किती मारायचं ते लिहून माझ्या दारामागं ठोकून गेले.

पुढच्या सुट्टीला सूप घेऊन निघाले, पण माझ्या दारापुढनं मान खाली घालून गेले. मी पोरीला काखेत घेऊन मागं पळाले, फोन पुढं केला.

"नको वहिनी. मला भीती वाटते."

"मग मला काय नाय वाटत?" म्हटलं, अन् फोन टाकला सुपात.

दादा आता नाशकात नायत. पुठ्ठा हाय. पोरगी शाळेत जाते, तरी फोन उघडायला जरा वेळ लागला की मी दारामागं पुठ्ठा बघायला पळते. परत त्यांच्याच कामावर भरवसा टाकला, बरोबर केलं का मी? तुमचं लेकरू असतं, तर तुम्ही दिला असता का फोन?