श्रावणातली ओल

चैत्रातलं रान इतकं कोरडं होतं की पाय पडताच पाचोळ्याचा चुरा होत होता. माझी मुलगी मृणाल जंगलातल्या मातीत राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करते. गेल्या श्रावणात याच रानाच्या कडेला, एका जांभळीखाली, आम्ही तिचं तान्हं बाळ पुरलं होतं. त्यानंतर ती आजच इथे आली.

खाली वाकून तिने मूठभर माती उचलली.

"यात काही जिवंत असेल का गं?" मी विचारलं.

"आहे ना, आई. बरेच जीव आत्ता निजलेत. पाऊस आला की जागे होतात आणि जे जे मातीत पडलंय, ते हळूहळू मुळांपर्यंत पोचवतात."

आपण पावसाकडे अंकुर मागतो. पण त्याआधी त्याला किती काय विरघळवावं लागतं, आणि तेही कुणाला न दिसता.

मृणाल जांभळीकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "श्रावणात इथे ओल भरपूर होती ना गं?"

ती काय विचारतेय ते मला कळलं.

"भरपूर होती," मी म्हटलं.

ती खोडाला टेकून बसली आणि माझ्यासमोर पहिल्यांदाच मोकळेपणी रडली. मी तिला थांबवलं नाही.