दोन होड्या आणि नऊचा आकडा

एकोणीसशे साठचं दशक सरत आलं होतं. मुंबईच्या एका संस्थेत मी कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायचे. परदेशातल्या एका नव्या भाषेची माहिती सांगणारी पानं आमच्याकडे आली होती, आणि सोमवारी ती सगळ्यांना समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. पानं घेऊन मी शनिवारी समुद्रकाठच्या आमच्या गावी, नरपडला घरी आले, पण जिवाला चैन नव्हतं.

त्या भाषेत होडीसारखी वस्तूच प्रोग्रॅममध्ये उभी करता यायची. मी कागदावरच दोन होड्या केल्या. दोन्हींत बोंबलाच्या नऊ-नऊ टोपल्या. मग ‘उतरव’ नावाची एक कृती लिहिली. तिच्या हाती एक होडी द्यायची आणि एक आकडा. ती एकेक टोपली उतरवत जाणार आणि प्रत्येक टोपलीमागे आकडा एकाने कमी करणार, शून्य होईपर्यंत. एका जागी नऊ लिहून तोच आकडा मी आधी पहिल्या होडीबरोबर, मग दुसरीबरोबर तिला दिला. माझ्या हिशेबाने पहिली होडी रिकामी झाली, पण तोवर आकड्याचंही शून्य झालं. मग दुसरी होडी भरलेलीच राहायची. जुन्या भाषेत असंच व्हायचं. या पानांतल्या अशाच एका उदाहरणात मात्र दोन्ही वस्तू रिकाम्या झालेल्या होत्या.

जेवणही गोड लागेना. शेवटी मी भावाला धरलं. त्याची होडी दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढलेली, सुतार येत नव्हता, त्यामुळे तोही अंगणात येरझाऱ्या घालत होता.

“दादा, जरा मशीन हो.”

“म्हणजे काय करू?”

एका सुपात नऊ शिंपले ठेवून सूप त्याला दिलं. लिहायची एकेक पाटी दोघांनी घेतली. माझ्या पाटीवर मी नऊ लिहिलं होतं, ते बघून त्याने स्वतःच्या पाटीवर नऊ लिहिलं. एकेक शिंपला काढत तो आकडा पुसत, कमी करत गेला.

“झालं शून्य. सुटलो का?”

मी माझ्या पाटीकडे पाहिलं. नऊ तसंच होतं. सूप मात्र खरंच रिकामं झालं होतं.

“अरे, तुझ्याकडे आकड्याची नुसती नक्कल गेली, सूप मात्र तेच गेलं! म्हणजे दुसऱ्या होडीसाठी माझं नऊ शाबूत!” मी ओरडले.

“वेड लागलंय तुला,” म्हणत तो सुताराकडे निघून गेला.

सोमवारी मी हे सांगितलं. एका सहकाऱ्याने विचारलं, “दोन रिकाम्या होड्या सारख्याच ना?”

“टोपल्यांचा आकडा सारखा, शून्य. पण होडी तीच नाही. तीच आहे का, हे विचारायला इथे वेगळं चिन्ह आहे.”

“आणि दोन होड्यांमध्ये अधिकचं चिन्ह घातलं तर?”

“ते आकड्यांना कळतं, होड्यांना नाही. बेरजेची कृती आपण लिहायची.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र खुर्चीत बसवेना. आमच्या मशीनवर ती भाषा चालतच नव्हती. मी म्हणते ते खरं की खोटं, हे बघायला काही मार्ग नव्हता. चहा तसाच टाकून मी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसले.