डावा कौल आणि आईचं म्हणणं

वाद घालायचा मला आता खरंच वीट आलाय. एके काळी त्यावरच माझं पोट चालायचं. नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरात कॉलेजवर तत्त्वज्ञान शिकवत होते. जुन्या परदेशी कादंबऱ्या हाताशी धरून पोरांना सांगायचे, धर्मगुरू माणसाच्या डोक्यावरचं ओझं उतरवून घेतो आणि बदल्यात त्याचं स्वातंत्र्य काढून घेतो. पोरं माना डोलवायची. बोलायला काय जातंय!

मग मुरगूडला, आमच्या गावी, आईच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा. दादानं आधी देवळात कौल लावला. आमच्याकडं गुरव देवाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवतो. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं.

"देवानं न्हाय म्हटलंय," दादा घरी येऊन म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "वाळलं की फूल पडणारच की! त्याला पोटातलं काय कळतंय? उद्याच्या उद्या दवाखान्यात न्यायचं."

"लई शिकलीस म्हणून देवाच्या वर गेलीस व्हय?"

आमची चांगलीच जुंपली. आई भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. शेवटी तिनं सूप बाजूला सारलं.

"पोट माझं हाय की. एकानं तरी मला इचारलं का?"

मी तोंड उघडलं तसा तिनं हात वर केला.

"मला न्हाय फाडून घ्यायचं. जीव दमलाय माझा. हितंच, माझ्या घरात ऱ्हायचंय. त्यानं फुलाचं सांगू नये नि तू पुस्तकाचं सांगू नकोस."

मी रडले, पाया पडले. ती हलली नाही. वर्गात ज्या स्वातंत्र्याचे गोडवे गायचे ते समोर बसलं होतं, आणि मला ते नको होतं. त्याच वर्षी थंडीत ती गेली.

तेव्हापासून दरवर्षी श्राद्धाला पाहुणे म्हणतात, "देवानं न्हाय म्हटलं नि ऑपरेशन झालंच न्हाय. कौल खरा निघाला बघा." दादाही मान हलवतो. सुरुवातीला मी भांडायचे, "देवानं न्हाय, आईनं ठरवलं!" त्यावर कुणीतरी पाठीवरून हात फिरवायचं आणि चहा पुढं करायचं. आता मी चहा घेते.

आईनं आधी बापाचं ऐकलं, मग सासऱ्याचं, मग आमच्या वडिलांचं. सगळ्या जन्मात एक गोष्ट तिनं स्वतः ठरवली, आणि तीही लोकांनी देवाच्या नावावर केली.