परवानगीबाई

आमच्या प्रसूतिगृहातल्या सुईणबाईंना सगळे मागून परवानगीबाई म्हणतात. हे नाव मीच ठेवलंय, आणि त्यांना ते ठाऊक आहे. मी तिथली आया. लाद्या पुसते, चादरी बदलते, आणि माझ्या हातापेक्षा माझी जीभ जास्त चालते असं बाईंचं मत आहे.

नावाचं कारण साधं. बाळंतिणीच्या अंगाला बोट लावायच्या आधी बाई तिला विचारतात. आधी हात कोमट पाण्यात बुडवून ऊब आणतात. मग काय करणार ते सांगतात, कशासाठी ते सांगतात, "लावू का हात?" म्हणतात आणि उत्तर येईपर्यंत गप्प उभ्या राहतात. मध्येच कळ आली तर ती जाऊ देतात आणि पुन्हा पहिल्यापासून विचारतात. तेवढ्या वेळात माझा अख्खा व्हरांडा पुसून होतो. हीच बाई घरी मात्र नवऱ्याचा शेवटचा घास तोंडात जायच्या आत त्याचं ताट उचलते. नवरा शिंपी, स्वभावाने गरीब गाय. तो म्हणतो, "विचारायचा सगळा कोटा तिकडेच संपतो."

एकदा मी त्यांना छेडलंच, की हे खूळ आलं कुठून. तेव्हा त्यांनी सांगितलं. त्या शिकाऊ होत्या तेव्हाच त्यांचं स्वतःचं पहिलं बाळंतपण झालं. टाके घालताना दोघीजणी त्यांच्या अंगावरून भाजीच्या भावाच्या गप्पा मारत होत्या. या असून नसल्यासारख्या. रजा संपवून कामावर आल्या त्या दिवसापासून विचारायला लागल्या. वरिष्ठ हसल्या, बरोबरीच्या हसल्या, मी तर हसलेच. बाई काही हटल्या नाहीत.

त्यांचा खरा कस लागला तो एका दुपारी. कळा सुरू झालेली एक बाई सासूबरोबर आली. दुसरी खेप होती. पहिल्या खेपेला दुसरीकडे तिला दोघांनी हात धरून दाबून ठेवलं होतं, न सांगता कापलं होतं, आणि ओरडली म्हणून वर दोन शब्द सुनावले होते. आता ती कुणाला जवळच येऊ देईना. पलंगाच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसली. सासूबाई जबरदस्त. त्यांनी तिची मनगटं पकडली आणि म्हणाल्या की मी धरते, तुम्ही तपासून घ्या. सुनेने असा हिसडा मारला की उशाशी ठेवलेला पाण्याचा तांब्या माझ्या पायावर आला.

डॉक्टरीणबाई आल्या. मनाने चांगल्या, पण त्या दिवशी कामाने मेटाकुटीला आलेल्या. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की बाळाचे ठोके ऐकू दिले नाहीत तर हिला मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल, डोळे मिटून बाळंतपण त्या करणार नाहीत. त्यांचंही बरोबरच होतं. पण ते इस्पितळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि कळा अशा जवळजवळ येत होत्या की बाळ वाटेतच व्हायचं. बाईंनी थोडा वेळ मागून घेतला. मग सुनेकडे वळून विचारलं, सासूबाई इथे असू देत का?

सून म्हणाली, "नको."

बाईंनी दार उघडून धरलं. सासूबाईंचा चेहरा लालबुंद झाला. "मला चार झाली. मला नव्हतं कुणी विचारलं."

"म्हणूनच हिला विचारते," बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण दारही मिटलं नाही. सासूबाई बाहेर गेल्या आणि दाराला लागून असलेल्या बाकावर बसल्या. आतला शब्द न् शब्द तिथे ऐकू येतो, हे मी झाडताना अनुभवलंय.

बाईंनी बुटकं स्टूल ओढलं आणि सुनेच्या नजरेपेक्षा खाली बसल्या. ठोके ऐकायचं यंत्र त्यांनी तिच्या पोटाला लावलं नाही, तिच्या हातात दिलं. "तूच लाव. कुठे लावायचं ते मी सांगते. आणि एक सांगून ठेवते, खोटं बोलणार नाही. ठोके मंदावले तर घाई करावी लागेल. तेव्हा फार थांबता येणार नाही, पण न सांगता काही करणार नाही."

ती बघत राहिली. एक कळ गेली, दुसरी गेली. डॉक्टरीणबाई दोनदा दाराशी डोकावल्या. खरं सांगते, मला वाटलं, पुरे झालं आता, धरा हिला. बाई बसूनच. शेवटी तिने यंत्र चुकीच्या जागी लावलं. खरखर आली. बाईंनी स्वतःच्या पोटावर बोट ठेवून दाखवलं, "जरा खाली." तिने सरकवलं आणि खोलीभर ठोके ऐकू आले, टकटक टकटक. ती रडायला लागली. रडता रडताच म्हणाली, "लावा हात."

पुढे एकदा ठोके मंदावलेच. बाईंनी शब्द पाळला. एका वाक्यात सांगितलं, डाव्या कुशीवर वळवायचंय आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायचंय. तिने मान हलवली आणि आपणहून वळली. डॉक्टरीणबाई धावत आल्या, ठोके सावरले, आणि मग बाळाचं डोकं दिसायला लागलं. बाई म्हणाल्या, "मी घेऊ, की तू घेतेस?" तिने दोन्ही हात खाली नेले. मुलगी झाली. पहिला हात आईचा लागला. बाईंचे हात खाली ओंजळ धरून होते, हे मात्र मी बघितलं.

आवराआवर झाली. मी नवी चादर घातली आणि दार उघडलं. सासूबाई बाकावरून ताडकन उठल्या, तरातरा आल्या आणि एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला. मग थांबल्या. तो पाय त्यांनी मागे घेतला. तोंड उघडायला त्यांना जड जात होतं, दिसत होतं ते.

"येऊ का गं आत?"

सुनेने बाईंकडे बघितलं. बाई मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या. मी आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसले. सासूबाई दारात तशाच उभ्या राहिल्या, पदराचं टोक मुठीत धरून, उत्तर येईपर्यंत.

"या," सून म्हणाली. "आधी हात धुऊन या."

सासूबाई निमूटपणे हात धुवायला गेल्या.