अकरा ओळींची दुरुस्ती

मी पत्रकांत वाढले. वडील प्राथमिक शिक्षक. शाळा सुटली की तळेऱ्याच्या आमच्या घरात सायक्लोस्टाइलचं मशीन फिरायला लागायचं. एसटीचा थांबा हलवला, पत्रक. रेशनवर किडका तांदूळ आला, पत्रक. शाई वाळेपर्यंत पानं घरभर पसरलेली असत आणि आम्ही त्यांच्यामधून पाय जपून टाकत जेवायला जात असू. प्रत्येक पत्रकाखाली तीच ओळ असे: वाचून पुढे द्या, कोणीही पुन्हा छापावे. मी अक्षरं त्याच पानांवर गिरवली. त्यामुळे लिहिलेलं काही कुणाच्या एकट्याच्या मालकीचं असतं, हे मला बरीच वर्षं ठाऊकच नव्हतं.

कणकवलीच्या टायपिंग क्लासात कॉम्प्युटर आला तेव्हा मी कॉलेजात होते. दुपारी क्लास बंद असायचा. तेवढा वेळ मशीनवर बसायला क्लासच्या सरांनी मला परवानगी दिली, आणि वर सी भाषेचं एक पुस्तकही दिलं. सीमध्ये लिहिलं की थेट मशीनच्या पोटात हात घालता येतो. मला ते फार आवडलं. मी छोटे छोटे प्रोग्राम लिहायला लागले: एक फाइलीतले शब्द मोजणारा, एक यादी अकारविल्हे लावून देणारा. प्रत्येक फ्लॉपीवर प्रोग्रामाबरोबर त्याचा कोडही ठेवायचे आणि कोडच्या डोक्यावर वडिलांची ती ओळ.

क्लासात एक टायपिस्ट होती. सगळे तिला ताई म्हणत. वकिलांची प्रतिज्ञापत्रं, अर्ज, करार ती टाइप करायची. बारा वर्षं टाइपरायटरवर काढलेली ही बाई कुणी न शिकवता कॉम्प्युटर शिकली होती. पण आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नव्हता, आणि लाईट गेली की सेव्ह न केलेलं सगळं जायचं. लिहिण्याच्या तंद्रीत ती सेव्ह करायला विसरायची. एका आठवड्यात दोन वकिलांची कामं गेली. सरांनी तिला समोर बसवून सांगितलं, "आणखी एकदा गेलां, तर मशीन दुसऱ्याच्या हातात देवक लागतला. कोल्हापूरचो एक माणूस तयार आसा." टाइपरायटरची कामं तेव्हा आटत चालली होती. मशीन गेलं तर ताईची नोकरीच जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मी म्हटलं, मी बघते. आठ दिवस खपून मी एक प्रोग्राम लिहिला आणि त्याला नाव दिलं 'राखण'. एकदा सुरू केला की तो मेमरीत गप्प बसून राही. ताई जी कळ दाबेल ती टिपायची आणि दर दोन मिनिटांनी फ्लॉपीवर उतरवून ठेवायची, एवढंच त्याचं काम. पहिले चार दिवस छान गेले. सर खूश झाले आणि तिथेच आमचं वाजलं.

"ह्या बाकीच्या क्लासवाल्यांका देवया," ते म्हणाले. "पण आतलो कोड काढून टाक. तो कोणाक दाखवूचो नाय."

"कोड काढला तर ते नुसतं वापरतील, शिकतील काय? ज्याला आतलं दिसत नाही त्याला चूक कशी दिसणार?"

"चूक आसा काय त्याच्यात?"

"नाही."

"मगे?"

त्या 'मगे?'चं उत्तर म्हणून मी रात्रीतून पत्रक लिहिलं. 'ज्ञानाला कुलूप घालणाऱ्यांचा निषेध' असा मथळा, खाली सव्वा पान संताप. सकाळी ते क्लासच्या फळ्याशेजारी टाचलं. सरांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "भाषण बरां आसा. टाचण्यो माझ्यो आसत, त्यो मात्र परत दी." पत्रक त्यांनी काढलं नाही. मला तो अपमान वाटला.

पाचव्या दिवशी ताईचं अख्खं प्रतिज्ञापत्र गेलं. लाईट होती. फ्लॉपी वाचायला घेतली तर मशीन म्हणे, अशी फाइलच नाही.

"गो, आधी लाईट पान खाय, आता तुझी राखण खाता!" ताई म्हणाली. तिचा आवाज चेष्टेचा होता, पण बोटं पदराशी चाळा करत होती. सर आत येईपर्यंत तिने तेच प्रतिज्ञापत्र पुन्हा टाइप करायला घेतलं. दुसऱ्या दिवशी परत तेच झालं.

तेव्हा ती मला म्हणाली, "माका काय वाटता सांगू? मी सेव्ह करतंय तेव्हा ड्राइव्ह एका तालात घरघरता. पान जाता तेव्हा मधीच अडखळता. दोघां एकदम बोलल्यासारखी."

मी हसले. कोड मी पाठ केला होता आणि ही मला ड्राइव्हचा आवाज सांगत होती. टाइपरायटरची अडकलेली कळ शेजारच्या खोलीतून ओळखणारी बाई होती ती. ते मला माहीत होतं, तरी हसले. सर दारात उभे राहून ऐकत होते. कोल्हापूरच्या माणसाला त्यांनी पुढच्या सोमवारी बोलावलं आहे, असं संध्याकाळी कळलं.

शनिवारी पाकीट आलं. गोव्यातल्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या, सरांच्या ओळखीच्या माणसाचं, त्यांच्याच नावाने. सरांनी ते फोडून माझ्यापुढे ठेवलं. 'तुम्ही पाठवलेली फ्लॉपी मिळाली,' त्यात लिहिलं होतं. 'ताल अडखळतो हे तुम्ही कळवलंत, त्यावरून लगेच लक्षात आलं. मशीनचा सगळा कारभार पाहणारी डॉस एका वेळी एकाचंच ऐकते. डॉस टायपिस्टबाईंची फाइल लिहीत असताना हा प्रोग्राम मधेच तिला आपली फाइल लिहायला सांगतो आणि दोन्हींची नोंद बिघडते. आधी डॉस मोकळी आहे का ते विचारावं. कसं विचारायचं ते पुस्तकात नाही, सोबत अकरा ओळी लिहून देत आहे. कोड पाठवलात म्हणून हे सांगता आलं. मुलीचा हात चांगला आहे.'

मी दोनदा वाचलं. मग विचारलं, "कोड तुम्ही पाठवलात?"

"मगे कोण? तू फक्त पत्रकां लिवतंस."

आजही त्या माणसाला मी पाहिलेलं नाही. पण माझ्या अज्ञानावर न हसता अकरा ओळी हाताने लिहून पाठवणारा तो, माझा निषेध भिंतीवर तसाच ठेवून माझाच कोड टपालात टाकणारे सर, आणि मी हसले तरी आपलं ऐकलेलं खरं धरून बसलेली ताई, या तिघांनी मला जे दिलं ते एकाही पत्रकातून मिळालं नव्हतं. मत बरोबर असलं म्हणून माणूस बरोबर असतोच असं नाही, हे मी त्या शनिवारी शिकले.

मी ओळी घातल्या. ताईने एक जुना करार टाइप करायला घेतला. फ्लॉपीचा लाल दिवा लागला, विझला. ती आणखी एक ओळ पुढे गेली आणि मला काही कळायच्या आत हात लांब करून तिने मेन बटण बंद केलं.

"ताई!"

"गप. लाईट काय तुका विचारून जाता?"

मशीन पुन्हा सुरू झालं. फाइल उघडली. करार होता, शेवटची ओळ तेवढी नव्हती. मग राखणची दोन मिनिटं भरता भरताच तिने मुद्दाम सेव्ह केलं आणि ड्राइव्हला कान देऊन बसली. असं तिने सहा वेळा केलं. सहाव्यांदा ती खुर्चीत मागे टेकली.

"एका तालात," ती म्हणाली.

सरांनी घसा साफ केला. "कोल्हापुराक कळवूक व्हया, येव नको म्हणान. आज टपाल गेलां तर सोमवारच्या आधी पोचात?"

"तार करा," ताई म्हणाली आणि कोरी फाइल उघडली. "मजकूर मी टाइप करतंय. तुमी फक्त सही करा."