उनाइसीसाठी बंद केलेला समुद्र

फिजीतल्या आमच्या गावच्या शाळेत उनाइसी जीवशास्त्र शिकवायची. परिसंस्थेच्या धड्याला ती मुलांना ओहोटीच्या वेळी प्रवाळावर नेई आणि मासे मोजायला लावी. दरवर्षी ते घटत होते.

"वर्षभर मासेमारी बंद ठेव ना रे," ती गावप्रमुख फिलिमोनीला म्हणायची. तो तिचा मामेभाऊ. त्या नात्यात चेष्टा चालते.

"आपल्यात कुणी गेलं की समुद्र बंद होतो, बाई. तू मरतेस का?"

"मरते की! पण मग लवकर उघडायचा नाही हं."

मार्चमध्ये ती तापाने गेली. फिलिमोनीने प्रवाळाच्या कडेला खांब रोवला आणि त्याला तिचा सुलू, कमरेला गुंडाळायचं वस्त्र, बांधला.

काल वर्ष झालं. रिवाजाप्रमाणे खांब उपटायचा, मासे धरायचे, मेजवानी करायची. त्याआधी, तिच्या जागी आता शिकवणारी मी, तिच्या वर्गातल्या मुलांना मासे मोजायला नेलं. पोपटमासे पायांना घासून जात होते.

"टीचर, मोजताच येत नाहीत!" मुलं ओरडली.

फिलिमोनी खांबाला धरून पाण्यात उभा होता.

"मी चेष्टा केली होती गं," तो मला म्हणाला. त्याने खांब न उपटताच हात काढून घेतला.

मेजवानीत आम्ही दुकानातले डबाबंद मासे खाल्ले. बाहेर तिचा सुलू फडफडत होता.